आयर्लंडचे पोलीस, मालेगावचा बंदोबस्त

‘संवेदनशील’ हा चांगल्या माणसाबद्दल वापरायचा शब्द. दुसऱ्याचे दुःख ज्याला कळते तो संवेदनशील. पोलिसांच्या कागदात मात्र माणूस संवेदनशील नसतो, वस्ती असते. नाशकात जुने नाशिक आणि जिल्ह्यात जवळजवळ अख्खे मालेगाव. गणपती आणि मिलाद जवळजवळ आले, निवडणूक लागली, कुठल्या तरी दूरच्या शहरात काही घडले, की या वस्त्यांच्या तोंडाशी राज्य राखीव दलाच्या गाड्या येऊन उभ्या राहतात. दुसऱ्या दिवशी पेपरात ‘चोख बंदोबस्त’ अशी बातमी येते. वस्तीचे नाव यादीत कोणी घातले, कधी घातले, किती वर्षे शांत राहिले की ते काढतात, हे विचारण्यासाठी कुठे खिडकी नाही.

या यादीला वंशावळ आहे. ती मुघलांपर्यंत जात नाही, पेशव्यांपर्यंतही जात नाही. ती जाते आयर्लंडला, सन 1814 मध्ये. तिथून ती नाशिकपर्यंत कशी आली हे सांगायचे आहे, कारण आपल्याकडे पोलिसांवरची चर्चा दोनच वाक्यांवर संपते. एक वाक्य समोरच्यांचे: ‘या वस्त्यांना कडक हातानेच सरळ करायला हवे.’ दुसरे आपल्या लोकांचे: ‘आपली चार पोरे पोलिसात गेली की सगळे ठीक होईल.’ दोन्ही वाक्ये आयर्लंडात पूर्ण शंभर वर्षे वापरून झालेली आहेत.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचा आयर्लंड डोळ्यांपुढे आणा. प्रजा बहुसंख्येने कॅथलिक, जमीन प्रामुख्याने प्रोटेस्टंट जमीनदारांची, राज्य लंडनचे. कुळाला जमिनीवरून कधीही उठवता येई. वर प्रोटेस्टंट चर्चच्या पाद्र्यासाठी कॅथलिक शेतकऱ्याने ‘टाइद’ नावाचा धार्मिक कर भरायचा, म्हणजे ज्या प्रार्थनाघरात तो कधी पाऊलही टाकणार नाही त्याचा खर्च त्याने द्यायचा. अशा गावांत रात्री टोळ्या निघत. ‘व्हाइटबॉय’, ‘रॉकाइट’, ‘रिबनमेन’, अशी त्यांची वेगवेगळ्या काळातली नावे. जमीनदाराच्या कारभाऱ्याला धमकीची चिठ्ठी, गुरांचे पाय तोडणे, गंजी पेटवणे, उठवलेल्या कुळाची जमीन जो दुसरा कुळ घेईल त्याला मारहाण, कधी खून. यातले बरेचसे भयंकरच होते आणि त्याची झळ गरिबालाही बसे. पण त्यामागे कारण होते. जॉर्ज कॉर्नवॉल लुईस या इंग्रज माणसाने 1836 मध्ये या सगळ्यावर पुस्तक लिहिले, आणि हा गुन्हेगारांचा कट नसून कुळांनी आपल्या रक्षणासाठी उभारलेली एक प्रकारची अवाढव्य संघटना आहे, अशा अर्थाचा निष्कर्ष काढला. तो काही बंडखोर नव्हता. पुढे ब्रिटनचा गृहमंत्री झाला.

सरकारने यावर काय केले? रॉबर्ट पील तेव्हा आयर्लंडचा मुख्य सचिव होता. त्याने 1814 मध्ये ‘शांतता रक्षण’ कायदा आणला. एखादी बॅरनी, म्हणजे आपल्या तालुक्यासारखा भाग, ‘अशांत’ म्हणून जाहीर करायचा, तिथे बाहेरून पोलिसांची तुकडी पाठवायची, आणि तिचा खर्च त्याच भागातल्या लोकांकडून वसूल करायचा. पहिली तुकडी त्याच वर्षी टिपरेरी परगण्यातल्या मिडलथर्ड बॅरनीत गेली. लोक या पोलिसांना पीलच्या नावावरून ‘पीलर’ म्हणू लागले. जोडीला ‘इन्सरेक्शन अॅक्ट’ होताच. जाहीर झालेल्या भागात सूर्यास्तानंतर माणूस घराबाहेर सापडला आणि त्याला समाधानकारक कारण देता आले नाही, तर ज्युरीशिवाय खटला आणि सात वर्षे हद्दपारी.

यातली युक्ती नीट पाहा. कोणी काय केले हा प्रश्नच मागे पडतो. कुठे राहतो हा प्रश्न पुढे येतो. ज्याने गंजी पेटवली आणि ज्याची गंजी पेटली, दोघांच्याही नावावर पोलिसांचा खर्च. सरकारचा हिशेब असा की खिशाला चटका बसला की लोक आपणहून गुन्हेगाराचे नाव सांगतील. झाले उलटे. खबऱ्या हा आयरिश गावातला सर्वांत वाईट शिव्यांपैकी एक शब्द होऊन बसला आणि साक्षीदार मिळेनासा झाला.

1822 मध्ये कायमचे पोलीस दल आले. 1836 मध्ये ते सगळे एका महानिरीक्षकाच्या हाताखाली एकत्र झाले. हे दल शस्त्रधारी. राहणे बराकीत. शिपायाला त्याच्या स्वतःच्या परगण्यात नेमायचे नाही, बायकोच्या माहेरच्या परगण्यातही नाही. लोकांशी नाते जुळू नये, ही त्यातली सोय.

आता गंमत बघा. याच पीलने 1829 मध्ये लंडनसाठी पोलीस उभे केले. त्यांच्याकडे बंदूक नाही, निळा गणवेश, हातात दंडुका, आणि लष्कर वाटू नये याची काळजी. इंग्रज नागरिकासाठी एक पोलीस आणि आयरिश रयतेसाठी दुसरा, एकाच माणसाच्या हातून. हिंदुस्थानात यातला कुठला यावा याबद्दल कंपनी सरकारला फार विचार करावा लागला नाही.

1843 मध्ये चार्ल्स नेपियरने सिंध घेतला आणि तिथे पोलीस उभारताना आयर्लंडचा नमुना उघडपणे समोर ठेवला. मुंबई इलाख्याने 1850 च्या दशकात सिंधकडे बघून आपल्या पोलिसांची फेररचना केली. 1857 नंतर पोलीस कमिशन बसले आणि 1861 चा पोलीस कायदा झाला. मुंबई इलाख्याने स्वतःचे वेगळे कायदे केले: 1867 चा, मग 1890 चा जिल्हा पोलीस कायदा, आणि स्वातंत्र्यानंतर 1951 चा मुंबई पोलीस कायदा. तोच आज महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणून चालतो. जमावबंदीचे कलम 37 आणि तडीपारीची कलमे 55 ते 57 याच कायद्यातली, त्यामुळे नाशिककरांना त्याची ओळख करून द्यायला नको.

पण कलम 50 फारसे कोणाला ठाऊक नसते. एखादा भाग अशांत किंवा धोकादायक अवस्थेत आहे असे सरकारला वाटले, तर तिथे जादा पोलीस नेमता येतात आणि त्यांचा खर्च तिथल्या रहिवाशांवर, किंवा रहिवाशांतल्या एखाद्या विशिष्ट वर्गावर, बसवता येतो. पुढचे कलम 51 बेकायदा जमावाने केलेल्या नुकसानीची भरपाई अशीच लोकांकडून वसूल करण्याबद्दल आहे. टिपरेरीतल्या त्या बॅरनीची हीच तर गोष्ट. इंग्रज गेला, पीलची टोपी मात्र खुंटीवर तशीच राहिली.

कोणी म्हणेल, कायद्यात असले म्हणून काय, वापरतो कोण? वापरले आहे. राजस्थान सरकारने एका जिल्ह्यातल्या काही गावांत 1861 च्या कायद्याच्या कलम 15 खाली जादा पोलीस बसवले आणि खर्च गावकऱ्यांवर टाकला, पण त्यातून हरिजन आणि मुसलमान रहिवाशांना सूट दिली. 1960 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सूट घटनाबाह्य ठरवली, कारण धर्म आणि जात पाहून माणसांत फरक करता येत नाही. त्या वेळी फायदा मुसलमानांचा होता आणि तरीही न्यायालय बरोबर होते. शांत राहणारे लोक इतर समाजांतही असणार, ते कशाला भरतील? दुःख एवढेच की न्यायालयाने सूट काढली आणि मूळ कलम जिवंत राहिले.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. 1818 मध्ये पेशवाई बुडाली तेव्हा आजचा नाशिक जिल्हा नव्हताच. तो 1869 मध्ये झाला. तोवर इकडचा काही भाग अहमदनगरकडे, मालेगावकडचा खानदेशात. 1818 च्या उन्हाळ्यात मालेगावच्या भुईकोट किल्ल्यात अरब शिबंदी अडून बसली होती आणि कंपनीच्या फौजेला तिने जवळजवळ महिनाभर झुंजवले. जूनमध्ये किल्ला पडला. या लढाईची आठवण मालेगावात आहे. पण त्यानंतर जे घडले त्याची आठवण कोणालाच नाही, कारण ते भिल्ल-कोळ्यांच्या बाबतीत घडले.

कंपनीच्या आधी इथे पोलीस नावाचे खाते नव्हते, पण पोलीसकाम होते. पाटील जबाबदार, त्याच्या हाताखाली जागल्या, बहुतेक ठिकाणी भिल्ल, कोळी, रामोशी किंवा महार. चोरी झाली की जागल्याने माग काढायचा. माग दुसऱ्या गावच्या शिवेत गेला की तिथल्या जागल्याच्या हवाली करायचा. ज्या गावात माग हरवला त्याने भरपाई द्यायची. ही व्यवस्था न्यायाची होती असे मी म्हणत नाही. पाटील मारझोड करायचा, महारांकडून वेठबिगार घ्यायचा, भरपाईचा बोजा शेवटी दुबळ्यावरच यायचा. पण तिच्यात एक गोष्ट होती. राखण करणाऱ्याचा गावात हक्क होता. धान्याचा वाटा, कुठे जमिनीचा तुकडा. हक्क बंद झाला की राखण करणारा डोंगरात जाई आणि त्याच गावावर धाड घाली. पेशवाईच्या शेवटच्या काळात लढाया आणि दुष्काळाने ही घडी विस्कटली होती, कंपनी आल्यावर डोंगर पेटले. खानदेशचा एजंट जॉन ब्रिग्ज याने घाट रोखून भिल्लांची रसद तोडली, पकडापकडी केली, पेन्शनेही दिली. बंड काही मिटले नाही. शेवटी 1825 मध्ये एल्फिन्स्टनच्या धोरणाप्रमाणे जेम्स औट्रमने भिल्ल पलटण उभी केली. ज्यांना काल ‘दरोडेखोर’ म्हणून मारत होते त्यांनाच पगार देऊन पोलीस केले. हे शहाणपणच होते. मात्र त्यात एक कबुली दडलेली आहे: माणसे जन्मजात गुन्हेगार नव्हती, त्यांचे पोट तोडले होते.

सरकारला ती कबुली पचली नाही. नांदूर-शिंगोट्याच्या भागोजी नाईकाचे पाहा. सिन्नर तालुक्यातले हे गाव पुणे-नाशिक रस्त्यावर आहे, एसटीने जाताना लागते. भागोजी अहमदनगरच्या पोलिसात कामाला होता. 1855 मध्ये दंगा आणि पोलिसांना अडथळा या आरोपाखाली त्याला शिक्षा झाली. सुटल्यावर वर्षभर चांगल्या वर्तणुकीचा जामीन द्या, असे सांगण्यात आले. शिक्षा भोगून झाली होती, तरी आता पुढे काही करणार नाही याची हमी हवी होती. भागोजी गाव सोडून गेला आणि त्याच्याभोवती भिल्ल जमले. 4 ऑक्टोबर 1857 ला पोलीस सुपरिंटेंडेंट लेफ्टनंट हेन्री त्याला पकडायला गेला तेव्हा चकमकीत मारला गेला. नोव्हेंबर 1859 मध्ये फ्रँक सूटरच्या पोलिसांनी सिन्नरच्याच परिसरात भागोजीला गाठून मारले. सूटर पुढे मुंबईचा पोलीस कमिशनर झाला.

हा ‘चांगल्या वर्तणुकीचा जामीन’ आजही आहे. मोहल्ल्यात त्याला ‘चॅप्टर केस’ म्हणतात. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेची 107 आणि 110 कलमे होती, 1 जुलै 2024 पासून नागरिक सुरक्षा संहितेची 126 आणि 129. सण आला की त्याच त्या पोरांना बोलावणे येते. वीस वर्षांपूर्वी मोर्चात दिसला होता, आता दाढी पांढरी झाली, मुलीचे लग्न झाले, तरी दर सणाला बॉण्ड लिहून द्यायला जातो. दिवसाचा रोज बुडतो तो वेगळाच. नवीन संहितेचे नाव ‘नागरिक सुरक्षा’ आहे, त्यावर मी काही बोलत नाही.

आणि हे फक्त मुसलमानाच्याच वाट्याला येते असे समजू नका. 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा 1911 पासून मुंबई इलाख्यातही लागू झाला. पारधी, कैकाडी, मांगगारुडी, अख्ख्या जमाती जन्मतःच गुन्हेगार. पोलिसांकडे हजेरी, सोलापुरात तारेच्या कुंपणाची वसाहत. 1952 मध्ये तो रद्द झाला, पण चोरी झाली की पहिला दरवाजा पारध्याचाच वाजतो. आमच्या लोकांना आपल्या दुःखाची एवढी सवय झाली आहे की पारध्याची पाल जाळली तेव्हा आमच्या मशिदीतून किंवा उर्दू पेपरांतून फार आवाज उठल्याचे मला आठवत नाही. संवेदनशील वस्ती आणि गुन्हेगार जमात एकाच कारखान्यातला माल आहे.

आता मालेगाव. 1921 पासून सुरुवात करावी लागेल आणि तिथे आपल्याला सोयीची नसलेली गोष्टही सांगावी लागेल. खिलाफत आणि असहकाराचे दिवस. स्वयंसेवक लाठ्या घेऊन फिरत, जिल्हा मॅजिस्ट्रेटने त्यावर बंदी घातली. एप्रिलमध्ये काही स्वयंसेवकांना दंड झाला आणि 25 तारखेला जमाव उसळला. सब-इन्स्पेक्टर भास्कर यांना ठार मारण्यात आले, जाळपोळ झाली. पुढे काहींना येरवड्यात फाशी झाली. मालेगावात त्यांचे स्मारक आहे, ‘शहीदों की यादगार’. गांधीजींनी मात्र या हिंसेचा कडक शब्दांत निषेध केला होता. गांधीजी बरोबर होते असे मला वाटते. ड्युटीवरच्या माणसाला जमावाने ठार मारणे ही लढाई नव्हे. फाशी गेलेल्यांबद्दल आदर बाळगून हे बोलता येते, आणि बोलले पाहिजे.

आयर्लंडातही असेच घडले होते. डिसेंबर 1831 मध्ये टाइदच्या नोटिसा बजावायला निघालेल्या पोलिसांच्या तुकडीला कॅरिकशॉक या ठिकाणी लोकांनी गाठले आणि डझनभर पोलीस मारले. तीन वर्षांनी रॅथकॉर्मॅकला एका विधवेकडून टाइद वसूल करताना लष्कराने गोळ्या घातल्या आणि तितकीच माणसे मेली. दोन्ही बाजूंनी प्रेते पडली. मग टाइदचे युद्ध थांबले कशाने? आणखी बराकी बांधून नव्हे. 1838 मध्ये टाइदची पद्धत बदलली, कर जमीनदाराच्या भाड्यात वळवला, आणि शेतकऱ्याच्या दारात येणारा तो वसुलीवाला गेला. त्याच वर्षी टिपरेरीच्या जमीनदार मॅजिस्ट्रेटांनी जादा कडक कायदे मागितले, तेव्हा आयर्लंडचा उपसचिव थॉमस ड्रमंड याने त्यांना सुनावले की मालमत्तेला हक्क असतात तशी कर्तव्येही असतात. असा एखादा उपसचिव मंत्रालयात बसलेला मला पाहायचा आहे.

मालेगावचे पुढचे तुम्हाला माहीत आहे. ऑक्टोबर 2001 मध्ये जुम्याच्या नमाजनंतर अमेरिकी मालावर बहिष्कार घाला अशी पत्रके वाटण्यावरून ठिणगी पडली. दंगल झाली, गोळीबार झाला, दहाहून अधिक माणसे गेली. 8 सप्टेंबर 2006, शब-ए-बारातचा शुक्रवार, बडा कब्रस्तानजवळ स्फोट. तीसहून अधिक मृत्यू, त्यात भिकारी आणि लहान मुले. आणि अटक कोणाला? मुसलमानांनाच. नऊजण. पाच वर्षांनी जामीन, आणि एप्रिल 2016 मध्ये न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. तोवर त्यातला एक मरण पावला होता. 29 सप्टेंबर 2008 ला भिक्कू चौकात स्फोट झाला, सहा मेले. त्या खटल्यातले सातही आरोपी 31 जुलै 2025 ला पुराव्याअभावी सुटले.

पुराव्याशिवाय शिक्षा नको हे मला मान्य आहे, आरोपी कोणत्याही धर्माचा असो. 2006 मधल्या आपल्या नऊजणांसाठी हा नियम मागायचा आणि 2008 च्या आरोपींसाठी नाकारायचा, हे चालणार नाही. माझा सवाल तपासाला आहे. दोन स्फोट, एक शहर, जवळजवळ दोन दशके. इतक्या गाड्या, इतका बंदोबस्त, इतके खबरी. आणि ज्यांची माणसे मेली त्यांना एवढेही खात्रीने सांगता येत नाही की कोणी मारले. आयरिश नमुन्याचा हाच दोष आहे. तो वस्तीवर नजर ठेवायला बनवला आहे, गुन्हा शोधायला नाही. सगळ्या वस्तीवर संशय असला की खऱ्या माणसाचा माग काढायची गरज वाटत नाही. जुना जागल्या निदान पाऊलखुणा तरी पाहायचा.

‘कडक हात’ मागणाऱ्यांना आणखी एक उदाहरण. मार्च 2025 मध्ये नागपुरात दंगल झाली आणि आठवड्याभरात एका आरोपीच्या घरावर बुलडोझर चालला. उच्च न्यायालयाने त्याच दिवशी कारवाई थांबवायला सांगितले, पण घर पडून गेले होते. आरोप ही शिक्षा नव्हे आणि बुलडोझर हा न्याय नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने चारच महिन्यांपूर्वी, 13 नोव्हेंबर 2024 ला, सांगून ठेवले होते. त्या घरात आरोपीची आईही राहत असेल, तिने काय केले? 1814 मध्ये पूर्ण बॅरनीवर कर होता, 2025 मध्ये पूर्ण कुटुंबावर बुलडोझर. दंगलखोराला पकडा, पुरावा द्या, तुरुंगात टाका. त्याला कोणाची हरकत आहे? पोलीस जखमी झाले, दुकाने जळली, हे खरे आहे आणि त्याची शिक्षा व्हायलाच हवी. पण शिक्षा ज्याची त्याला.

आता आपल्या लोकांच्या वाक्याकडे वळतो, कारण ते मला जास्त त्रास देते. ‘आपली पोरे पोलिसात गेली पाहिजेत.’ गेलीच पाहिजेत. राज्याच्या लोकसंख्येत मुसलमान 2011 च्या जनगणनेप्रमाणे साडेअकरा टक्के, पोलिसात त्याच्या कितीतरी खाली. देशभरातल्या पोलिसांत मुसलमान किती याचे आकडे 2013 नंतर प्रसिद्ध होणेच थांबले. त्र्यंबक रोडवरच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीतून दरवर्षी फौजदार शिकून बाहेर पडतात. 1906 मध्ये पुण्याला भांबुर्ड्यात सुरू झालेली ही शाळा 1909 मध्ये नाशकात आली. शंभराहून जास्त वर्षे आपल्या शहरात आहे आणि आपल्या मोहल्ल्यातली किती मुले तिथे गेली? क्लास लावा, धावायचा सराव करा, फॉर्म भरा. यात दुमत नाही.

पण आयर्लंडचे काय झाले पाहा. 1830 च्या दशकापासून त्या पोलिसात कॅथलिक भरती वाढली. पुढे खालच्या हुद्द्यांवर कॅथलिकच बहुसंख्य झाले, अधिकारी मात्र प्रामुख्याने प्रोटेस्टंट. गावकऱ्याच्या आयुष्यात काय फरक पडला? त्याला जमिनीवरून उठवायला येणारा शिपाई आता त्याच्याच प्रार्थनाघरात गुडघे टेकणारा होता, एवढाच. बराक तीच, बंदूक तीच, हुकूम डब्लिनच्या किल्ल्यातूनच. 1919 नंतर स्वातंत्र्ययुद्धात आयरिश लोकांनी त्याच दलावर बहिष्कार घातला, कॅथलिक शिपाई कॅथलिकांच्याच गोळ्यांनी मेले. 1922 मध्ये ते दल बरखास्त झाले आणि नव्या देशाने आपले पोलीस बिनबंदुकीचे ठेवले. उत्तरेकडचा भाग ब्रिटनकडे राहिला. तिथे जुना नमुना आणखी ऐंशी वर्षे चालला, आणि 1999 च्या पॅटन अहवालानंतर कॅथलिक आणि इतर अशी निम्मी-निम्मी भरती सुरू झाली. पण तिथे नुसती भरती केली नाही. दलाचे नाव बदलले, आणि पोलिसांविरुद्धच्या तक्रारी पाहणारा, पोलिसांच्या बाहेरचा लोकपाल आणला.

आपल्याकडे न्यायमूर्ती मादन आयोगाने 1970 च्या भिवंडी, जळगाव, महाडच्या दंगलींत पोलिसांचा पक्षपात कागदोपत्री दाखवला. न्यायमूर्ती श्रीकृष्णांनी 1992-93 च्या मुंबईबद्दल तेच केले. मालेगावचा 2006 चा स्फोट झाला त्याच महिन्यात, 22 सप्टेंबरला, सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंह खटल्यात पोलीस सुधारणांचे आदेश दिले. त्यात तक्रार प्राधिकरण होते. महाराष्ट्राने 2014 मध्ये कायदा दुरुस्त करून ते कागदावर आणले. तुमच्या मोहल्ल्यात दहा माणसांना विचारा, हे प्राधिकरण म्हणजे काय. पोलिसांबद्दल तक्रार घेऊन आपले लोक आजही आमदाराकडे किंवा कुठल्या तरी ‘भाई’कडे जातात. मग आमदार फोन करतो, पोरगा सुटतो, आणि पुढच्या निवडणुकीपर्यंत कुटुंब बांधले जाते. हाच धंदा चालू राहावा असे वाटणारे आपल्यातही कमी नाहीत.

आणि मौनाचाही हिशेब द्यावा लागेल. मालेगावात ‘कुत्ता गोळी’ने किती पोरे वाया गेली? झोपेची गोळी, दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते, खाऊन पोरगा चाकू काढतो. विकणारा कोण हे गल्लीला ठाऊक असते. सांगत कोणी नाही, कारण सांगायला जावे तर तिथेच अडकू ही भीती, आणि ‘मुखबिर’ म्हणून नाव पडेल ही दुसरी. आयरिश गावांत अगदी हेच होते, आणि त्या मौनाच्या आडोशाने गुंड मोठे झाले. पोलिसांवर विश्वास नसणे समजू शकतो. त्या अविश्वासाचा फायदा गोळी विकणाऱ्याला मिळतो, हे मात्र कबूल करा.

दुसरा रस्ता नाही असे नाही. भिवंडी आपल्यासारखेच यंत्रमागाचे गाव, 1970 आणि 1984 मध्ये जळलेले. 1988 मध्ये पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला कमिट्या सुरू केल्या. हिंदू-मुसलमान शेजारी, बीटचा हवालदार, नेते मुद्दाम बाहेर. गटार, नळ, भांडण, सगळे त्या बैठकीत. डिसेंबर 92 आणि जानेवारी 93 मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिले. जुलै 2006 मध्ये मात्र कब्रस्तानाशेजारच्या पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून तिथेच गोळीबार झाला, दोन माणसे गेली, आणि जमावाने दोन पोलिसांना ठार मारले. तोवर कमिट्यांतला जीव गेला होता. आज ‘शांतता समिती’ म्हणून सणाच्या आठवडाभर आधी जी बैठक होते, तिच्यात चहा, बिस्किट, ठरलेले आठ-दहा चेहरे आणि शेवटी सामूहिक फोटो असतो.

तेव्हा मालेगावच्या आणि नाशिकच्या आमदारांकडे, ते कोणत्याही पक्षाचे असोत, मोर्च्याऐवजी चार कागदी मागण्या घेऊन जावे असे मला वाटते. संवेदनशील वस्त्यांची यादी, तिचे निकष आणि नाव वगळण्याची मुदत जाहीर करा. एकाच माणसावर किती वर्षे चॅप्टर केस होते आहे याचा ठाण्यानुसार आकडा विधानसभेत मागा. तक्रार प्राधिकरणाची बैठक मालेगावात भरवा, तारीख जाहीर करून. आणि 1951 च्या कायद्यातले कलम 50 काढून टाकण्याचे अशासकीय विधेयक आणा. ते एका पानाचे होईल. पारधी, भिल्ल, कोळी समाजाच्या आमदारांची सहीसुद्धा त्यावर घ्या. आधी त्यांच्या वस्तीत जाऊन, आपण आजवर का आलो नव्हतो हे त्यांना सांगावे लागेल, एवढेच.